मदत हवी आहे: ताईच्या बाळाला डीओआरव्ही निघालाय, थांबायचं की लगेच ऑपरेशन?

डिचोलीची_मावशी
ताईच्या बाळाचा इको झाला आणि डॉक्टर म्हणाले डीओआरव्ही आहे, दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या उजव्या कप्प्यातूनच निघतात, ऑपरेशन लागणार पण आत्ता नको, आधी वजन वाढू दे. बस, एवढंच सांगितलं. घरात सगळे रडतायत. भावजी म्हणतात आजच मुंबईला निघू, ताईची सासू म्हणते एवढ्याशा जिवाला कापायचं नाही. मला दोनच गोष्टी सांगा, थांबणं बरोबर आहे का आणि मुंबई की बेंगळुरू? प्लीज लवकर सांगा.

फोंडेकर
बाळ किती महिन्यांचं? वजन? रडताना ओठ निळे पडतात का? यातलं काहीच लिहिलं नाहीस, कोण काय सांगणार?

पेडण्याचा_बाबा
अजिबात थांबू नका!! आमच्या मुलीला टीजीए होता, जन्मल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बेंगळुरूला आर्टिरियल स्विच केलं, आज ती शाळेत जाते, फुगडी घालते. वजन वाढायची वाट बघत बसलो असतो तर पोर हातची गेली असती. उद्याचं तिकीट काढा.

वाळपईची_सिस्टर
पेडणेकर, तुमची मुलगी बरी आहे हे वाचून खूप आनंद झाला, पण टीजीए वेगळा. त्यात दोन्ही वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच त्या आपापल्या जागी लावायचं स्विच ऑपरेशन करावं लागतं. डीओआरव्ही हा एकच आजार नाहीच. मधल्या पडद्यातलं भोक कुठे आहे आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे का यावर सगळं ठरतं. भोक महाधमनीखाली असेल आणि वाट मोकळी असेल तर फुफ्फुसात रक्त जास्त जातं, बाळ निळं पडत नाही पण धापा टाकतं. वाट अरुंद असेल तर टेट्रालॉजी या दुसऱ्या जन्मजात हृदयदोषासारखं, निळं पडतं. भोक फुफ्फुसाच्या वाहिनीखाली असेल तर त्या प्रकाराला टॉसिग-बिंग म्हणतात, तो मात्र टीजीएसारखा वागतो आणि त्याला घाई असते. भोक दोन्हींपासून लांब असेल तर सगळ्यात अवघड, कधी कधी खालचे दोन्ही कप्पे वापरून दुरुस्ती होतच नाही. मावशी, रिपोर्ट बघून व्हीएसडीच्या, म्हणजे या भोकाच्या पुढे काय लिहिलंय ते टाइप कर.

काणकोणचे_काका
माझ्या वडिलांची बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले, आता रोज सकाळी चालतात. हृदयाला घाबरायचं नसतं. आणि अर्जुनारिष्ट सुरू करा, हृदयासाठी त्याच्यासारखं औषध नाही.

वाळपईची_सिस्टर
काका, स्टेंट मोठ्या माणसाच्या तुंबलेल्या वाहिनीत घालतात. इथे हृदयाची रचनाच जन्मापासून वेगळी आहे. आणि अरिष्टात आंबवल्यामुळे अल्कोहोल तयार झालेलं असतं, तान्ह्या बाळाला कृपा करून असलं काही सुचवू नका.

काणकोणचे_काका
मी चांगल्या मनानेच लिहिलं. आमच्या घरी तीन पिढ्या घेतात.

डिचोलीची_मावशी
ताईने रिपोर्टचा फोटो पाठवला. लार्ज सबअ‍ॅऑर्टिक व्हीएसडी, नो पीएस, हाय पल्मनरी प्रेशर असं लिहिलंय. बाळ दोन महिन्यांचं, वजन ३.४ किलो, ऑक्सिजन ९४. निळं नाही पडत. पण दूध पिताना कपाळाला घाम येतो आणि मध्येच दमून झोपतं, आम्हाला वाटलं उकाड्याने. लॅसिक्सचे, म्हणजे लघवी वाढवायच्या औषधाचे थेंब चालू आहेत.

वाळपईची_सिस्टर
आता चित्र कळलं, भोक मोठं आणि महाधमनीखाली आहे, फुफ्फुसाची वाट मोकळी आहे आणि तिथलं प्रेशर जास्त आहे. डॉक्टर आत्ता थांबा म्हणतात ते चुकीचं नाही, पण कधीपर्यंत ते विचारून घ्या. श्वास घ्यायलाच इतकी ताकद लागते की प्यायलेलं दूध अंगी लागत नाही, त्यामुळे वजन आपोआप वाढेल म्हणून महिनोन् महिने बसून राहणं बरोबर नाही. या प्रकारात साधारण पहिल्या सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती करतात, भोकातून महाधमनीपर्यंत आत पॅच लावून बोगदा करतात. फार उशीर झाला तर फुफ्फुसातल्या वाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग ऑपरेशन करताच येत नाही, म्हणून सासूबाईंना शांतपणे समजवा. दूध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, ओढून दमत असेल तर काढून बोंडल्याने द्या, दुधात आणखी कॅलरी घालायची का ते डॉक्टरांना विचारा. छाती आत ओढली जायला लागली, दूध अजिबात घेईना किंवा रंग राखाडी दिसला तर फोरमवर लिहित बसू नका, सरळ कॅज्युअल्टी. लसी चुकवू नका.

पेडण्याचा_बाबा
तरी मी म्हणेन बेंगळुरूच. तिथे अशी ऑपरेशनं रोज होतात.

फोंडेकर
मुंबईतही होतात, परळला वाडियात नुसती मुलंच असतात. कुठलं शहर यापेक्षा तिथे लहान बाळांचा हार्ट सर्जन आणि लहान मुलांचा आयसीयू आहे का ते बघा. पैशाचं काय? गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे का? तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

शिवोलीकर
ते कार्ड बाहेर सगळीकडे चालत नाही, आम्हाला ऐनवेळी नाही म्हणाले. आधी फोन करून लेखी घ्या.

वाळपईची_सिस्टर
म्हणून सांगते, आरबीएसके, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पण विचारा, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, जन्मजात हृदयदोष त्यात येतात. बांबोळीला पीडियाट्रिकमध्ये चौकशी करा, बाहेर पाठवायचं असेल तर तिथलं पत्र लागेल.

मडगावची_सुप्रिया
जरा वेगळं विचारते, माझ्या भाच्याला व्हीएसडी होता आणि वहिनीला परत दिवस गेलेत, काही तपासणी असते का?

वाळपईची_सिस्टर
हो, फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, अठरा ते बावीस आठवड्यांत. सुप्रिया, वेगळा धागा काढ, तिथे नीट लिहिते.

डिचोलीची_मावशी
भावजींना सगळं वाचून दाखवलं, आता जरा शांत आहेत. एकच, गाडीने चोर्ला घाटातून बेळगाव करत बेंगळुरू गेलं तर चालेल की विमान? पाऊस चालू आहे.

पेडण्याचा_बाबा
मोपावरून विमान, तासाभरात पोचाल.

वाळपईची_सिस्टर
पेडणेकर, आधी डॉक्टरांना विचारू दे, विमानात हवेचा दाब कमी असतो आणि या बाळाचं फुफ्फुसाचं प्रेशर आधीच जास्त आहे. मावशी, कसंही गेलात तरी इकोची सीडी मागून घ्या, नुसता कागद नको, सर्जनला हलती चित्रं बघावी लागतात. आणि जायच्या आधी ती कॉपी करून दोन्ही ठिकाणी पाठवा, कोण कधीची तारीख देतं ते बघून मग शहर ठरवा.

डिचोलीची_मावशी
सीडी द्यायला तयार आहेत, भावजी आत्ताच आणायला निघालेत. देव बरें करूं सगळ्यांचं.