विषय: समाजकेंद्रासाठी कुठली जागा?

नमस्कार मंडळी,

शहराच्या मध्यभागी होणाऱ्या नव्या समाजकेंद्रासाठी नगरपालिकेनं रहिवाशांची मतं मागवली आहेत. जागा तीन: चौकातली बंद झालेली बँक, तिच्या शेजारच्या कचेऱ्यांच्या इमारतीतला तिसरा मजला आणि स्थानकामागचा मोकळा भूखंड. मला तिसरा मजला पटतो. जागा सलग आहे, लिफ्ट आहे, रस्त्याचा गोंगाट वर पोचत नाही. मंडळानं एकमुखानं कळवलं तर वजन पडेल.

– सचिव

काका, नमस्कार.

शनिवारी तिन्ही जागा बघून आले. तिसरा मजला ऐसपैस आहे खरा, पण तिथे केंद्र होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कचेरीचा मजला साधारण चौरस मीटरला २५० किलोच्या आसपास भार धरून बांधतात. माणसं दाटीनं जमतात त्या सभागृहाला ५०० च्या आसपास धरावे लागतात. त्यामुळे मधल्या भिंती काढल्या की सभागृह तयार, असं होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हातात येईपर्यंत त्या सलग जागेवर भिस्त ठेवू नये.

त्याहून मोठी काळजी लिफ्टची. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात. धुरानं भरलेल्या जिन्यातून तीन मजले त्यांना कोण उतरवणार? हा प्रश्न मी तिथे उभी राहून स्वतःला विचारला आणि उत्तर सापडलं नाही.

शिवाय वरचं केंद्र रस्त्यावरून दिसत नाही. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या छोट्या चौकांचं कॅमेरा लावून निरीक्षण केलं होतं. रस्त्यापेक्षा बरेच खाली किंवा वर असलेले चौक लोक टाळत, असं त्यांना आढळलं. मी या शहरात नवी होते तेव्हा कोणाचीच ओळख नव्हती. पाटी वाचून लिफ्टनं वर जायचा धीर मला झाला नसता. काचेतून चार माणसं बोलत बसलेली दिसली असती, तर दार ढकललं असतं.

म्हणून माझं मत बँकेला. जागा लहान आहे, तिजोरीच्या खोलीच्या जाड भिंती पाडणं सोपं नाही. ती खोली खुर्च्या ठेवायला वापरू. भूखंड मोठा आहे, पण तिथे पायापासून सुरुवात, आणि संध्याकाळी त्या बाजूला चिटपाखरू नसतं.

– वाचनगटातून

ताई,

आगीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तिसऱ्या मजल्याचा आग्रह सोडतो. पण बँकेला दारापाशी तीन पायऱ्या आहेत. मागच्या गल्लीतलं दार मात्र जमिनीलगत आहे. सासूबाईंना तिकडून आणता येईल ना?

– सचिव

काका,

येईल, पण तसं नको. पायऱ्या मोजल्या, एकूण उंची ४५ सेंटिमीटर आहे. १ ला १२ या उताराचा, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबीचा, रॅम्प केला तर ५.४ मीटर लांबी लागते, वर-खाली सपाट जागा वेगळी. पदपथावर तेवढी जागा सरळ रेषेत नाही, भिंतीलगत वळवून बसेल. खर्च वाढेल, तरी आपल्या पत्रात हीच अट पहिली लिहा. कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत सासूबाई आत येणार आणि बाकीचे आम्ही चौकातून, हे मला चालणार नाही. पुढच्या दारानं सगळेच.