मदत हवी आहे: टाऊनशिपचं गणित कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे. शेजारच्या शेतकऱ्यांसह जमिनी एकत्र करून, पुण्याच्या मगरपट्ट्यासारखं नवं नगर वसवायचं चाललंय. सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) शेतकऱ्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत दिले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण रस्ते, पाणी, ड्रेनेजचा खर्च आधी आणि प्लॉटचे पैसे नंतर. मधल्या वर्षांचं व्याज कोण सोसणार, यावर सगळे गप्प. सल्लागाराच्या तक्त्यात तर पहिल्याच वर्षी निम्मे प्लॉट विकले गेलेत! (पाडव्याला सोनंही इतकं खपत नसेल.) विक्री रेंगाळली तर काय, हे कसं मांडतात? रस्ते, मोकळ्या जागांत किती टक्के जमीन जाते धरावं? असा अहवाल तपासून देणारं कोणी माहीत आहे का? वडील सही करायला निघालेत, कसंबसं थोपवलंय.