दोन थेंबांनी दुप्पट औषध जात नाही

डोळ्यात औषध घालताना 'एक थेंब ओघळून जातो, म्हणून दोन-दोन घालावेत' असं काहीजण सुचवतात, ते पटलं नाही. पापणीच्या आत मावतं जेमतेम ३० मायक्रोलिटर आणि बाटलीतून पडणारा एकच थेंब ३० ते ५० चा असतो. दुसरा थेंब सरळ गालावर, वर पहिल्यालाही धुऊन नेतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडायची ती यासाठीच. खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा (घशात कडू लागतं ते तिथूनच उतरलेलं औषध). डोळ्यावर मात्र दाब नको.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा देतात ते प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट दुधाळ असतं, औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता घातलं तर वरचं पाणीच जातं आणि सूज उतरत नाही. हे स्टिरॉइड हळूहळू कमी करत साधारण चार ते सहा आठवड्यांत थांबवतात. पंधराव्या दिवशी 'आता स्वच्छ दिसतंय' म्हणून परस्पर बंद केलं की सूज परत येऊ शकते. दुखणं आणि लाली वाढून नजर धूसर होत असेल, तर थेंबांचा हिशेब नंतर, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.