रिमोटवरच्या शिडाच्या बोटींची शर्यत: वाऱ्यावर चढताना मीच का मागे पडतो?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो, मूळचा पुण्याचा. जानेवारीत एका सहकाऱ्याकडून जुनी ड्रॅगनफोर्स ६५ (पासष्ट सेंटिमीटरची रिमोटवरची शिडाची बोट) घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी जवळच्या तळ्यावर शर्यतीला जातो. साधारण अकरा बोटी असतात. माझा नंबर दहावा किंवा अकरावा, एकदाच नववा आला.

क्लबातले लोक चांगले आहेत, विचारलं की सांगतात, पण दोन शर्यतींच्या मध्ये पाचच मिनिटं मिळतात आणि निम्मे शब्द डोक्यावरून जातात. म्हणून इथे मराठीत विचारतोय. अडचणी अशा:

वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकं जाताना, बाकीचे हळूहळू पुढे निघून जातात. शिडं तर सगळ्यांची सारखीच. बोट माझ्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. लांबच्या बोयाला (जिथून वळायचं त्या तरंगत्या खुणेला) मी एकतर धडकतो, नाहीतर फार लांबून वळसा घेतो. आणि गेल्या रविवारी पलीकडच्या काठाजवळ बोटीने ऐकणंच बंद केलं. वाऱ्याने थोडी अलीकडे आणली तेव्हा परत ताब्यात आली.

नवीन शिडं घेऊ का? सुरुवात कुठून करू?

हर्णैकर

तळ्याकाठी, शिडं घेऊ नका. अजून वर्षभर तरी नाही.

मी हॅम्पशायरमध्ये असतो. आयुष्यभर जहाजाच्या इंजिनखोलीत काम केलं, निवृत्तीनंतर या छंदाला लागलो. आधी तुमच्यासारखीच ६५ चालवली, आता कित्येक वर्षं वन मीटर चालवतोय. वन मीटर म्हणजे कमाल लांबी एक मीटर, वजन किमान चार किलो. ती होडी टॅक करून (नाक वाऱ्यातून पलीकडे नेऊन) वळली तरी अंगच्या वजनाने पुढे सरकत राहते. तुमची ६५ भरते सव्वा किलोच्या आसपास. तिला जोर म्हणून साठवताच येत नाही. एकदा थांबली की पुन्हा वेग पकडेपर्यंत दोन होड्या बाजूने निघून जातात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मूळ माझ्या मते इथेच आहे: तुमची होडी मधूनमधून थांबतेय आणि काठावरून ते तुम्हाला दिसत नाहीये.

थांबते कशाने? बहुतेक नवे लोक होडीचं नाक वाऱ्यात फार वर धरतात. बोया तिकडे दिसतो म्हणून तिला तिकडे दामटतात. जिबची (पुढच्या लहान शिडाची) पुढची कड थरथरली की समजा, फार वर गेलात. चाळीस मीटरवरून ती कड दिसत नाही, म्हणून शेजारच्या होडीचा कोन बघायचा. ती तुमच्यापेक्षा थोडी खाली तोंड करून जातेय आणि तरीही पुढे सरकतेय, तर तुम्हीही नाक खाली करा. दुसरी चूक, शिडं करकचून ओढणं. मंद वाऱ्यात तर हे हमखास होतं. ट्रान्समीटरची शिडाची स्टिक पूर्ण खाली असताना मेनसेलच्या (मोठ्या शिडाच्या) बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीचं, टोक होडीच्या मधल्या रेषेपासून करंगळीच्या जाडीएवढं बाहेर राहायला हवं. जिबचं बूम त्याहून जरा जास्त उघडं. मग वारा पडला की स्टिकचे एक-दोन खटके आणखी सैल सोडायचे. आणि रडर (सुकाणू) म्हणजे ब्रेक आहे. तुमचा अंगठा सतत डावी-उजवीकडे नाचत असेल, तर दर हालचालीला होडी थोडी थोडी अडते.

एक परीक्षा करून बघा. मध्यम वाऱ्यात होडी वाऱ्यावर चढवा आणि रडरची स्टिक सोडून द्या. तिने हळूहळू, आपणहून, वाऱ्याकडे नाक करायला हवं. झटकन वळत असेल तर डोलकाठी थोडी पुढे झुकवा. उलट वाऱ्यापासून दूर पळत असेल तर मागे. एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा आणि दोरीवर मार्करची खूण करायची. माझ्या वहीत कित्येक वर्षांच्या खुणा आहेत, आजही शर्यतीच्या आदल्या रात्री चाळतो.

बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकापासून मागे जाणारी दोरी) ताणून बघितलाय का? तो ढिला असेल तर जिबची पुढची कड बाजूला पोटासारखी फुगते आणि होडी वर चढतच नाही. मेनसेलची मागची कड वरच्या टोकाला जराशी बाहेर उघडलेली हवी, खालून वरपर्यंत फळीसारखी सपाट नको. जुन्या होडीत हे दोन्ही बिघडलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं शिडंच गेली.

आता लांबचा बोया. माझं लहानपण हर्णैचं. संध्याकाळी बंदरावर उभं राहून सुवर्णदुर्गाकडच्या होड्या बघताना आम्ही पोरं पैज लावायचो, ती होडी किल्ल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. शिडाकडे बघणारा हरायचा. बघायची पाण्याची रेषा. दोन वस्तूंपैकी जिचा पाण्याला टेकलेला भाग नजरेला खाली दिसतो ती आपल्या जवळ. होडीचा तळ बोयाच्या तळापेक्षा खाली दिसतोय म्हणजे ती अजून अलीकडे आहे. तळ वर दिसायला लागला की पलीकडे गेली. काठ थोडा उंच असेल तर हे फारच स्वच्छ दिसतं, म्हणून शक्य तेव्हा उंचवट्यावर उभं राहा. शर्यतीआधी दहा मिनिटं फक्त त्या बोयापर्यंत जाऊन वळायचा सराव करा.

डावं-उजवं: खांदे फिरवा. होडी तुमच्याकडे येत असली की तिच्याकडे अर्धी पाठ करून, ती जातेय त्या दिशेला छाती वळवा आणि मान मागे फिरवून बघा. पहिले चार रविवार विचित्र वाटतं. नंतर शरीर आपोआप वळतं, आणि पुढे तर न वळताही जमतं.

होडी ऐकेनाशी झाली त्याकडे मात्र आजच बघा, बाकी सगळं नंतर. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी खाऊन टाकतं. रिसीव्हरची अँटेना होडीच्या तळाशी लोळत असेल तर पाण्याच्या पातळीखाली जाते आणि लांब गेल्यावर संपर्क तुटतो. डेकच्या आतल्या बाजूला, जमेल तितकी उंच, उभी चिकटवा. थंडीत बॅटरीही लवकर बसते. रात्री पूर्ण चार्ज करा आणि दुपारी दुसरी घाला. प्रत्येक शर्यतीनंतर आत किती पाणी आलंय ते बघून स्पंजने टिपून घ्या. दोनशे ग्रॅम पाणी म्हणजे तुमच्या होडीच्या वजनाचा सहावा हिस्सा.

सुरुवातीच्या रेषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गर्दीत घुसू नका. पुढच्या होडीच्या शिडामागची हवा खवळलेली असते, त्यात सापडलात की उरलेला पूर्ण टप्पा गेला. एक होडीभर उशिरा चालेल, पण मोकळ्या जागेत आणि भर वेगात रेषा ओलांडा. त्या जागेवरून रेषेपर्यंत किती सेकंद लागतात ते आधी दोन-तीनदा मोजून ठेवा.

ऑकलंडची_आत्या

हर्णैकरांचं सगळं पटलं. मी गेली काही वर्षं इथे शर्यतींचं पंचांचं काम करते, तेव्हा नियमांपुरतं सांगते. धडकून मागे पडणारे नवखे लोक मी फार पाहिलेत.

वारा उजवीकडून घेणाऱ्या बोटीला हक्क असतो, डावीकडून घेणाऱ्याने बाजूला व्हायचं. दोघांचा वारा एकाच बाजूने असेल आणि बोटी शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीने जागा सोडायची. बोयाजवळ रेडिओ बोटींसाठीचं वर्तुळ बोयापासून चार बोटींच्या लांबीएवढं असतं, मोठ्या बोटींसारखं तीनचं नाही. तुमच्या ६५ साठी ते २ मीटर ६० सेंटिमीटर झालं. वर्तुळात शिरताना तुमच्याशी बरोबरीत असलेल्या आतल्या बोटीला वळायला जागा द्यावी लागते. पण वाऱ्यावर चढून पहिल्या बोयाला येताना समोरासमोरच्या टॅकवर (एकाचा वारा उजवीकडून, दुसऱ्याचा डावीकडून) असाल तर हा हक्क मिळत नाही, आणि सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. सुरुवातीला त्या बोयाकडे उजवीकडचा वारा घेऊनच या, दोन बोटी जास्त बाहेरून आलात तरी चालेल.

चूक झाली किंवा बोयाला लागलात तर बाजूला होऊन एक गोल फिरायचं, एक टॅक आणि एक जाइब (वाऱ्याकडे पाठ करून वळणं). लगेच फिरा. आपली चूक लगेच फेडणारा माणूस सगळ्यांना आवडतो आणि पुढच्या वेळी तेच लोक त्याला शिकवतात. हाक मारताना शिडावरचा नंबर घेऊन मारा, नुसतं "ए" म्हटलं तर अकरा जण बघतात.

तळ्याकाठी

दोघांचे मनापासून आभार. अँटेना खरंच तळाशी, बॅटरीखाली दबलेली होती! वर चिकटवली. या रविवारी एकदाही संपर्क तुटला नाही.

बॅकस्टे ताणला, शिडं करंगळीएवढी उघडली. पहिल्या तीन शर्यतींत सातवा, सातवा, आठवा. चौथ्या शर्यतीत मात्र अचानक वेग गेला. सेटिंग तेच, वारा तोच, आणि मी शेवटचा. काय झालं असेल?

हर्णैकर

सातवा वाचून फार बरं वाटलं.

चौथ्या शर्यतीत शेवाळ. उन्हाळा जवळ आला की तळ्यातलं गवत वर येतं आणि कीलला (तळाखालच्या उभ्या पात्याला) किंवा रडरला गुंडाळतं. होडी नेहमीइतकीच कलते पण पुढे जात नाही, ही त्याची खूण. शर्यत चालू असताना नाक सरळ वाऱ्यात करा, शिडं फडफडू द्या आणि तिला एक-दोन हात मागे सरकू द्या. बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. नाहीतर शर्यत संपल्यावर उचलून बघा, आणि कोणत्या पट्ट्यात गवत आहे ते लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तो पट्टा टाळून जा.

आणखी एक, पाण्याकडे बघायची सवय लावा. वाऱ्याचा झोत येतो तिथे पाणी काळवंडतं. आमच्याकडे पहाटेचा मतलई सुटला की किनाऱ्यालगत आधी तशी काळी रेघ दिसायची. तळ्यावर ती रेघ सात-आठ सेकंद आधी दिसते. तेवढ्या वेळात तुम्ही तिच्यापर्यंत पोचू शकता. काठावर झाडं असतील तर त्यांच्या आडोशाला वारा बराच आतपर्यंत मेलेला असतो, जवळचा रस्ता दिसला तरी तिथून जाऊ नका.

तळ्याकाठी

शेवाळच होतं. आज कीलवर हिरवी शेपटी सापडली.

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे ए रिग (डोलकाठी आणि शिडांचा मोठा संच) आणि एक न वापरलेली, लहान शिडांची बी रिग आहे. बदलायची कधी?

हर्णैकर

वाऱ्याचा आकडा नको, होडीचं नाक बघा. वाऱ्याबरोबर जाताना नाक पाण्याखाली जाऊन होडी थबकते, हे एका फेरीत दोन-तीनदा झालं की बी लावा. मोठ्या शिडाने जोराच्या वाऱ्यात वेग वाढत नाही. होडी आडवी होते, रडर पाण्याबाहेर येतं आणि ती ऐकत नाही. शिड लहान केलं की तीच होडी सरळ उभी धावते. तुमच्या क्लबातले पहिले तीन जण काय लावतायत तेही बघा, त्यांना ते तळं माहीत आहे.

बी रिग शनिवारी रात्री घरीच एकदा होडीवर चढवा, सगळ्या दोऱ्यांची लांबी ठरवून खुणा करा आणि मग शिडांना घडी न पडू देता सपाट डब्यात ठेवा. तळ्यावर गारठलेल्या बोटांनी त्या बारीक गाठी मारता येत नाहीत.