निकाल लागला तेव्हा तुम्ही कुठे होतात? नाटकांच्या बक्षिसांचे अनुभव

दरवर्षी १४ जूनला, गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे पुरस्कार दिले जातात. माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात मी एका वर्षी हा सोहळा पाहिला. नटांना टाळ्या पडतात त्यात नवल नाही. पण रंगमंच कामगाराचं नाव पुकारलं आणि मागच्या रांगांतून अशी काही शिट्टी आली की पुढचे सगळे वळून बघायला लागले. ते गृहस्थ चपला विंगेत काढून आले. सन्मानचिन्ह घेतलं, नमस्कार केला आणि सवयीनं तडक उजव्या विंगेत निघाले. सूत्रसंचालिकेनं हाताला धरून फोटोसाठी परत मध्ये आणलं, तरी त्यांची नजर वरच्या, लाइट टांगायच्या बारकडेच होती. एक लाइट तिरका लागला होता, हे नंतर माझ्याही लक्षात आलं.

तर अनुभव लिहा. राज्य नाट्य स्पर्धा, संगीत नाटकांची स्पर्धा, एकांकिकांचे करंडक, परदेशातले पुरस्कार, काहीही चालेल. 'खरं तर कोणाला मिळायला हवं होतं' हा वाद इथे नको, तो आपण एरवी घालतोच. बक्षीस मिळताना किंवा हुकताना तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.

लाइटवाला

राज्य नाट्य स्पर्धा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवतं. हौशी संघ आपापल्या केंद्रावर प्राथमिक फेरीत नाटक करतात, त्यातून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. केंद्रावर दिवसागणिक नवं नाटक. म्हणजे काल रात्री दुसऱ्या कोणाचा तरी चौसोपी वाडा उतरला, आज सकाळी तिथेच आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट उभा करायचा आणि रात्री प्रयोग संपला की पाडायचा. सेट लागल्याशिवाय फोकस मारता येत नाही. सेटवाले दुपारी तीनला म्हणतात 'झालंच', आणि त्या 'झालंच'मध्ये अजून दोन खिडक्या आणि एक दरवाजा बाकी असतो. टेक्निकल रिहर्सल नावाची गोष्ट आम्ही फक्त ऐकून आहोत.

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात संध्याकाळ उतरते. खिडकीतून येणारा पिवळा उजेड आधी तांबूस, मग राखाडी. संवाद चालू असतानाच हे सगळं व्हायचं आणि प्रेक्षकाला बदल कळता कामा नये. संहितेत ही जागा दीड पानाची. त्या दीड पानात तीन डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचे दांडे, हातानं सरकवायचे. प्रयोगाच्या रात्री आजीचं काम करणाऱ्या ताई अशा काही रंगल्या की दीड पान संपता संपेना. मी कागदावरच्या खुणा सोडून दिल्या आणि त्यांच्याकडे बघत बघत हात चालवत राहिलो. तालमीत एवढी सुरेख संध्याकाळ कधी पडली नव्हती.

निकाल पेपरात आला. प्रकाशयोजना, प्रथम. ताईंचं नाव मात्र अभिनयाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रांत, रौप्यपदकांत नाही. मला कसंतरीच झालं, कारण ती संध्याकाळ निम्मी त्यांची होती. फोन करून तसं सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, तू लाइट सावकाश उतरवत होतास म्हणून मी सावकाश बोलत होते!"

ऑर्गनवाली मावशी

लाइटवाले दादा, तुमच्याकडे निदान बटणं तरी असतात.

मी संगीत नाटकांना साथ करते. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला. त्याआधी पदं म्हणायचं काम सूत्रधाराचं. किर्लोस्करांनी ती ज्याच्या त्याच्या तोंडी दिली. तेव्हापासून आजतागायत एक भांडण चालू आहे, गाणारा नट घ्यायचा की अभिनय येणारा गवई? स्पर्धेत परीक्षकांपुढे हेच भांडण गुणांच्या तक्त्यात येऊन बसतं. सुरेल गाणारी पण संवादात पाठ म्हटल्यासारखी बोलणारी मुलगी पदक नेते, तेव्हा निम्मं थिएटर खूश असतं आणि निम्मं चुळबुळतं. मी चुळबुळणाऱ्यांतली.

आमचं काम नांदीच्या कितीतरी आधी सुरू होतं. ऑर्गन टेम्पोतून येतो, वाटेत हादरे खातो, आणि हमखास एखादा स्वर मुका होतो. मग मागची फळी काढायची, ती पत्ती शोधायची आणि तिच्याखालून व्हिजिटिंग कार्डाची कड हलकेच फिरवायची. धुळीचा कण निघाला की स्वर बोलतो. हे चालू असताना नायिका येऊन विचारणार, "मावशी, मी काळी चारच्या पट्टीतच गाणार आहे ना?" आज सर्दी आहे म्हणून अर्धा स्वर खाली उतरायचं असतं तिला, पण तसं बोलायचं नसतं.

वन्समोर हा स्पर्धेतला वेगळाच पेच. एरवीच्या प्रयोगात वन्समोर आला की आम्ही उत्साहानं पद पुन्हा उचलतो. स्पर्धेत डोक्यावर घड्याळ असतं, त्यामुळे आमच्या संघात आधीच ठरवून टाकलेलं असतं की घ्यायचा नाही. एकदा मागून एक आजोबा तीन वेळा ओरडले, "अहो, घ्या की!" नायक बिचारा पुढचा संवाद तोंडात धरून उभा. शेवटी त्यानं आजोबांकडे बघून हात जोडले आणि नाटक पुढे नेलं. त्या नमस्काराला जी टाळी पडली ती पदालाही नव्हती.

आणि हो, निकाल मला आधीच कळतो. मी ऑर्गन तिरका लावते. परीक्षकांच्या टेबलावर लहानसा दिवा असतो, त्याचा उजेड खाली पायांवर पडतो. वर चेहरे दगडासारखे, पण खाली अंगठा तालात हलत असतो. आमच्या तबलजीनं एका द्रुत पदात लय चढवली तेव्हा तिघांपैकी दोघांचे अंगठे थांबले होते. नाटक दुसरं आलं.

माजी परीक्षक

मावशी, यापुढे बूट घालून बसेन.

मी हौशी नाटकांचं आणि एकांकिकांचं परीक्षण बरीच वर्षं केलं. लोकांना वाटतं, खरा त्रास वाईट नाटकाचा होतो. तसं नाही, वाईट नाटकाचे गुण देऊन माणूस मोकळा होतो. अडचण होते ती क्रमाची. पहिल्या दिवशी कडक असतो आपण. पुढे आठवडाभर सामान्य नाटकं बघितली की बरं नाटकसुद्धा थोर वाटायला लागतं. म्हणून मी गुणांचा तक्ता वेगळा ठेवायचो आणि वहीत दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर एकच ओळ लिहायचो, काल रात्रीचं काय आठवतंय. एका नाटकासमोर मी लिहिलं होतं 'इस्त्रीचा आवाज'. बाई रंगमंचाच्या कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करत होती, नवरा बोलत होता, आणि कपड्यावर पाणी शिंपडलं की इस्त्री चर्र करायची. कथानक आज मला अजिबात आठवत नाही. त्या मुलीला आम्ही पदक दिलं, तिला संवाद किती होते हे विचारू नका.

२०२२ साली पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक कोणत्याच महाविद्यालयाला न देण्याचा निर्णय झाला, तेव्हा फार गदारोळ झाला होता. १९६३ पासून चालत आलेली स्पर्धा, पोरं महिनोन्‌महिने राबतात, आणि करंडक कोणालाच नाही. मी त्या परीक्षणात नव्हतो. पण परीक्षकांना तो अधिकार असावा, असं माझं आजही मत आहे. स्पर्धेतल्यांत उजवा आणि करंडकाला लायक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र नाही दिला तर का नाही दिला हे मुलांसमोर बसून, नाटकागणिक सांगायची तयारी हवी. मोघम बोलून सुटका नाही.

बॅकस्टेजचा पोरगा (आता पोरगा नाही)

काका, पटत नाही. पुरुषोत्तमच्या निकालाच्या रात्री पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या बाहेर उभं राहून 'अरे आव्वाज कुणाचाऽऽ' ओरडलेला कोणीही हे पटवून घेणार नाही. आम्हाला एका वर्षी काहीच मिळालं नाही. आम्ही तरी ओरडलो, जिंकलेल्यांपेक्षा मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी लेक्चरला कोणाच्याच घशातून आवाज निघत नव्हता. पण कोणीतरी पहिलं असायलाच हवं ना! हरायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं.

हडसनच्या अलीकडून

आमच्याकडेही पुरस्कारांचा महिना जूनच. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांना मिळणारे टोनी पुरस्कार १९४७ मध्ये सुरू झाले, अँटोइनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेच्या नावानं. गद्य नाटकं आणि संगीतिका यांचे विभाग वेगळे, त्यामुळे मावशींचं 'गाणारा नट की गवई' हे भांडण इथे निदान वेगळ्या खोलीत होतं. दर वर्षी आम्ही चार मराठी घरं एकत्र जमून टीव्हीवर सोहळा बघतो. त्यातल्या दोघांनी त्या वर्षातलं एकही नाटक पाहिलेलं नसतं, तिकिटांचे भाव बघता त्यांना दोष देता येत नाही, आणि मतं सगळ्यात ठाम त्यांचीच.

वरच्या वादावरून आठवलं. करोनाच्या साथीमुळे थिएटरं बंद पडली तो हंगाम अर्धवट राहिला, आणि संगीतिकेतल्या प्रमुख अभिनेत्याच्या विभागात एकच नामांकन आलं, 'मूलाँ रूझ'मधल्या अ‍ॅरन ट्वेटचं. म्हणजे बिनविरोध? तर नाही. एकटा असला तरी मतदारांपैकी ६० टक्क्यांनी 'हो' म्हणायला हवं, नाहीतर पुरस्कारच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सोहळा झाला, त्याला मिळाला. आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री सगळ्यात जास्त धाकधूक याच विभागाला होती, जिथे स्पर्धाच नव्हती!

दुसरा फरक. इथले मतदार आठशेच्या वर. ते हंगामभर सवडीनं नाटकं बघतात, तेही रोज चालून चालून घोटलेलं नाटक. तुमची लाइटवाल्यांची संध्याकाळ मात्र एकदाच पडली आणि तेवढीच मोजली गेली. त्यातल्या त्यात बरं काय, मला ठरवता येत नाही.

रंगपेटी

मी रंगभूषा करते. बक्षिसांच्या यादीत आमचं नाव तळाला असतं, ते वाचायची वेळ येईपर्यंत लोक चहाला उठलेले असतात. मला एका खासगी स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, नाव घेत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला सत्तरीचा केला होता. कपाळावर तो जिथे खरोखर आठ्या घालतो तिथेच रेघा ओढल्या, म्हणजे बोलताना रेघ आणि आठी वेगळी दिसत नाही. दाढी चिकटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मंचावर बोलावलं तर पाहुणे म्हणाले, "त्या वयस्कर कलाकारालाही बोलवा." पोरगा जीन्समध्ये समोर येऊन उभा राहिला. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "आजोबा आले नाहीत का?" त्या स्पर्धेतली रोख रक्कम अजून यायची आहे, पण हे वाक्य मिळालं.

तीन अंकी

मी लेखक. आमच्या नाटकाला केंद्रावर पहिलं बक्षीस मिळालं, अंतिम फेरीतही कौतुक झालं. ट्रॉफी संस्थेच्या कपाटात आहे. त्यानंतर प्रयोग किती झाले ते सांगत नाही, सांगायला बोटं फार लागणार नाहीत.

रडगाणं गात नाही, हिशेब सांगतो. स्पर्धेत नाट्यगृह मिळतं, प्रेक्षक ठरलेले असतात, कर्मचारी सुट्टी काढतात, शिक्षक परीक्षा सांभाळून येतात. स्पर्धा संपली की नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, लाइटचं भाडं, सेट ठेवायला जागा, सगळं स्वतःच्या खिशातून. नायकाची बदली झाली. आमचा सेट एका सभासदाच्या गोठ्यात ठेवला होता, म्हशीनं दरवाजाच्या चौकटीला अंग घासून घासून ती मोडली. दोन अंकांचा दिवाणखाना गेला आणि वर त्या सभासदाचं म्हणणं, सेट उचला, म्हैस व्याली आहे. व्यावसायिक निर्मात्यांकडे वाचन केलं, ते म्हणाले, नाटक चांगलं आहे पण 'स्पर्धेचं' आहे. मग मी ज्यांनी राज्यातून पहिलं आणलं त्या जुन्या संघांकडे चौकशी केली, तर जवळजवळ सगळ्यांचं हेच. बक्षीस मिळालेलं नाटक बघायचं असेल तर ज्या रात्री बक्षीस मिळालं त्या रात्रीच तिथे असावं लागतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. बक्षिसाच्या रकमेऐवजी पहिल्या तीन नाटकांना दुसऱ्या जिल्ह्यांत दहा-दहा प्रयोग लावून द्या. मानधन नको, नाट्यगृह आणि टेम्पो द्या.

लाइटवाला

सर, एकदम मान्य. टेम्पोत लाइट माझे. संहिता पाठवता का? पात्रं किती?

तीन अंकी

सात. पाच पुरुष, दोन स्त्रिया.

कोकणातून

आमच्या मंडळात बाई एकच आहे हो. दुसरी लहान काम असेल तर दिग्दर्शक साडी नेसायला तयार आहे.

तीन अंकी

दुसरीचं काम मोठं आहे. पहिलीचं लहान आहे.

कोकणातून

चालेल. मग दिग्दर्शक पहिली.