कागद नाहीत म्हणून मजुरीही नाही?

पायवाट:
चोरवाटेने देशात आलेल्या माणसाला परत पाठवायचा अधिकार सरकारला आहे, त्यावर माझा वाद नाही. पण तो तिथे राबतोय तोवर त्याची बुडवलेली मजुरी त्याने मागायची कुठे? तक्रारीला गेला की आधी तोच पकडला जातो, आणि मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. २००४ साली इंग्लंडच्या मोरकॅम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले. बहुतेकांकडे कागद नव्हते. मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच वर्षी झाला, पण माणसं गेल्यावर.
म्हणून म्हणतो, दवाखाना, शाळा आणि कामगार खात्याने आपल्याकडची नावं हद्दपारीवाल्यांना देऊ नयेत.

खडूस:
म्हणजे व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे राहिले ते मूर्ख! एका खात्याने दुसऱ्यापासून लपवायचं, हा कारभार की लपंडाव? मोरोक्कोला लागून असलेल्या मेलिया या स्पॅनिश शहराचं कुंपण चढलेल्या दोघांना स्पेनने तिथूनच हाकललं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०२० मध्ये स्पेनच्याच बाजूने निकाल दिला. रीतसर मार्ग सोडून कुंपण चढलात, ती चूक तुमची.

पायवाट:
रीतसर मार्ग खरोखर उपलब्ध हवा, हेही त्याच निकालात आहे. ते सोयीने गाळलंत. समुद्रात अडवलेल्यांना काही न विचारता लिबियात सोडलं म्हणून २०१२ मध्ये याच न्यायालयाने इटलीला दोषी धरलं होतं.

रातपाळी:
न्यायालयांचं काय सांगता! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये टेक्सासला बजावलं, कागद नसलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. त्याच न्यायालयाने २००२ मध्ये, युनियनच्या कामात पडला म्हणून काढून टाकलेल्या अशाच एका कामगाराला बुडालेल्या पगाराची भरपाई नाकारली. पोराला शाळा आहे, बापाला दाद नाही.

खडूस:
पोरांचं मान्य, दवाखान्याचंही. पण मजुरीवर उपाय सोपा आहे, मालकाला दणदणीत दंड करा.

पायवाट:
दंड तिजोरीत जातो हो, मजुराच्या हातात नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार मालकाने थकलेली मजुरीही चुकवायची असते, मजूर मायदेशी परतला असला तरी. पण पकडतील या भीतीने मागायलाच कोणी आलं नाही तर?

खडूस:
बरं, मजुरी द्या आणि पाठवा परत.

पायवाट:
आधी मजुरी हातात, मग विमान. हाच क्रम ना? लेखी द्याल?

खडूस:
लेखीचं नंतर बघू.