मदत हवी आहे: लॉग-रोल (जखमीची मान-पाठ एका रेषेत ठेवून त्याला एकदम कुशीवर वळवणं) शिकवणारं कुणी आहे का?

केज-धारूर भागात एनएसएसच्या पोरापोरींना रुग्णवाहिकेवरचे स्वयंसेवक म्हणून तयार करतोय. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं अन् श्वास देणं) हाताला बसलाय: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, ३० दाबांमागे २ श्वास. दमल्यावर कोपर वाकलं की दाब उथळ पडतो, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलतो.

खरी अडचण जखमीला स्पाइन बोर्डवर (पाठीखालच्या कडक फळीवर) घेण्याची. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटली की बघ्यांच्या गलक्यात डोकं धरून वळवायचा इशारा देणाऱ्याचा आवाज कुणाला ऐकूच जात नाही. एक जण आधी वळवतो अन् मान पिरगळते.

अंबाजोगाई-लातूरकडं चौघांचा लॉग-रोल नीट शिकवणारं कुणी आहे का? सरावापुरता जुना स्पाइन बोर्ड, सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा) मिळेल?